हवापालट

इश्पेमिंगमधला माझा हा तिसरा हिवाळा.
घरोघर नळकांडी पोचवते मी,
हिरव्या खांद्यांची, हातमोज्यातूनही गार.
यादीत शेवटचं नाव: रेइनो कांगास,
वय ब्याऐंशी, लोखंडाच्या खाणीत एकतीस वर्षं,
मिनिटाला दोन लिटर.

नाकाखाली नळी, मागे तिची पन्नास फूट शेपटी
सोफ्याखालून, ओट्याला वळसा घालून, न्हाणीपर्यंत.
"सारखी पायात येते," तो म्हणतो,
"कुत्रा असती तर नाव तरी ठेवलं असतं."

बोटाला चिमटा लावते. सत्त्याऐंशी.

खिडकीत एक दगड: तांबडा पट्टा, पोलादी पट्टा, पुन्हा तांबडा,
चुरगळून वळलेला, कापलेल्या बाकरवडीसारखा.
"याच्यासाठी खाली जायचो," तो म्हणतो.
मी म्हणते, हा गंज आहे. जवळपास दोनशे कोटी वर्षांचा.
(आईकडे वरोऱ्याला गंज म्हणजे भाताचं पातेलं.
काल फोन मध्येच ठेवला तिने,
"थांब, गंज उतरवते.")

तर तेव्हा वर जे होतं ते कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं.
पृथ्वीने पोटातून ओकलेली वाफ, कर्बवायू,
आणि नायट्रोजन, जो आला तो बसूनच राहिला.
वाफेचा पाऊस झाला, पावसाचा समुद्र.
समुद्रात लोखंड विरघळलेलं, चहात साखर तसं.
मग उथळ पाण्यात कुणीतरी,
शेवाळंही म्हणवत नाही इतकं बारकं,
ऊन खायला शिकलं
आणि खाऊन उष्टं टाकू लागलं.
ते उष्टं म्हणजे प्राणवायू.
पहिले घास लोखंडानेच गिळले,
तांबडं होऊन तळाशी बसलं, थरावर थर.
त्याचं पोट भरेपर्यंत आभाळाच्या वाट्याला फारसं काही आलं नाही.
आलं, तेव्हा आधीचे कितीक रहिवासी
त्यानेच मेले.
उरलेल्यांचे आपण.

"हे मला कुणी सांगितलं नाही," रेइनो म्हणतो.
"आम्हाला टनावर पैसे मिळायचे."
मग थांबतो. दोन श्वास.
"आणि भट्टीत?"
भट्टीत कोळसा तो सोडवून घेतो लोखंडाकडून,
धुराड्यातून दोघं जातात हात धरून,
कर्बवायू होऊन.
"म्हणजे मी वर काढला, आणि तो गेला."
हो.
तो हसतो, हसण्याचा खोकला होतो,
खोकला ओसरेपर्यंत मी नळकांडं बदलते.

लेबलावर लिहिलंय: नव्व्याण्णव टक्के.
बाहेर अंगणात मात्र शंभरात एकवीसच,
अठ्ठ्याहत्तर तो बसून राहिलेला,
उरलेल्या एकात जवळपास सगळा आर्गॉन,
खडकांतून झिरपत आलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात.
आणि चिमूटभर कर्बवायू.
स्वयंपाक नेहमी चिमटीनेच बिघडतो.

"तुमच्यात काय म्हणतात याला?" तो नळीकडे बोट करतो.
प्राणवायू. प्राण म्हणजे जीव, वायू म्हणजे वारा.
"आमच्या फिनिशमध्ये हप्पी. आंबट या शब्दावरून."
आंबट?
"खाणीतून वर आलो की तोंडात तीच चव असायची."
ते खरं की गंमत, कळत नाही.

माझ्या आजोबांना डॉक्टर सांगायचे, हवापालट करा.
ते चिखलदऱ्याला जायचे आठ दिवस,
वजन वाढवून यायचे.
याला मी काय सांगू? हवा तर पालटलीय कधीच,
त्याच्या खिडकीत ती पावती आहे.

तो दगड उचलतो, अंगठ्याने पुसतो.
बोटांना तांबडी पूड.
"पुन्हा बघ," म्हणून तसंच बोट पुढे करतो.
चिमट्यात लाल दिवा लागतो.
आत त्याच्या रक्तातही लोखंडच,
हे मात्र धरतं तसं सोडतंही.

आकडा चढायला वेळ घेतो.
अठ्ठ्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी.
नव्वद.
"मंगळवारी?" तो विचारतो.
मंगळवारी, मी म्हणते,
आणि दाराशी माझ्या पायात येते
ती नळी.